धाकटीची रोज परीक्षा घेऊ नका, तारखा मात्र चुकवू नका

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची शेती आहे, कपाशी आणि मका. मोठा मुलगा साडेचार वर्षांचा. गेल्या वर्षी जळगावच्या डॉक्टरांनी त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं सांगितलं. आठवड्यातून एकदा रेल्वेने त्याला थेरपीला नेते. धाकटी मुलगी सात महिन्यांची आहे. तिलाही तसंच होईल का, या धास्तीने चित्त थाऱ्यावर नाही. दिवसातून कितीतरी वेळा तिला नावाने हाक मारते, टाळी वाजवते, डोळ्यांत बघते का ते पाहते. एकदा बघते, एकदा बघत नाही. परदेशात सहा महिन्यांच्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय काढून आधीच ओळखतात, असं मोबाइलवर वाचलं. मुंबईला नेऊन तो काढावा का?

थेरपीच्या मॅडम म्हणतात, घरात एकच भाषा ठेवा, अहिराणी बंद करा. सासूबाईंना अहिराणीशिवाय दुसरं बोलता येत नाही. त्या आता नातवाशी बोलायलाच घाबरतात. जाऊबाई म्हणतात, गरोदरपणी मी फवारणी झालेल्या शेतात जायचे म्हणून हे झालं. कोणी म्हणतं लसीमुळे. म्हणून धाकटीची नवव्या महिन्याची लस थांबवायचं घरात चाललंय. दीर एका दवाखान्याची जाहिरात घेऊन आलेत, स्टेम सेलच्या (मूलपेशींच्या) इंजेक्शनने मुलगा बोलायला लागेल म्हणतात. दोन बिघे विकायची घरच्यांची तयारी आहे. मी काय करू?

— एक आई

उत्तर

ताई, ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्यापासूनच सुरुवात करते.

एका मुलाला ऑटिझम असेल, तर त्याच्या पाठच्या भावंडांवर अगदी तान्हेपणापासून लक्ष ठेवणारे संशोधकांचे गट अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांत वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांनी सगळ्यांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये ६६४ बाळांचा निष्कर्ष मांडला. तीन वर्षांच्या वयाला त्यांतल्या १८.७ टक्के मुलांमध्ये ऑटिझम आढळला. हाच अभ्यास पुढे नव्या, आणखी मोठ्या गटावर म्हणजे १,६०५ बाळांवर पुन्हा केला, तो २०२४ मध्ये छापला गेला, तेव्हा आकडा निघाला २०.२ टक्के. म्हणजे साधारण पाचांत एक. पण मुलगे आणि मुली वेगळे काढले की चित्र बदलतं. मुलग्यांमध्ये २५.३ टक्के, मुलींमध्ये १३.१ टक्के. मोठं भावंड मुलगी असेल किंवा घरात आधीच दोन मुलांना ऑटिझम असेल, तर शक्यता आणखी वाढते. तुमच्या घरात यातलं काहीच नाही. तुमच्यासारख्या शंभर घरांत धाकटी मुलगी जन्मली, तर साधारण तेरा जणींना ऑटिझम असेल आणि सत्त्याऐंशी जणींना नसेल.

तेरा म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात ऑटिझम नाही त्या घरापेक्षा ही शक्यता कितीतरी जास्त आहे. शिवाय ऑटिझम नसलेल्या भावंडांतही काहींचं बोलणं उशिरा येतं, हेही अशा अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा धाकटीकडे लक्ष ठेवायला हवं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ज्या पद्धतीने ते चाललंय, तिच्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

सात महिन्यांच्या बाळाला दिवसभर हाका मारून काहीही कळत नाही. तिने वळून पाहिलं तर पुढे ऑटिझम नसेल असं ठरत नाही, आणि नाही पाहिलं तर असेल असंही ठरत नाही. कॅलिफोर्नियातला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे ऑटिझम निघाला ती बाळं आणि ज्यांना निघाला नाही ती बाळं, अशी त्यात तुलना होती. सहा महिन्यांच्या वयाला चेहऱ्याकडे बघणं, हसणं, आवाज काढणं या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच होत्या. फरक पडू लागला तो त्यानंतर, पहिल्या वाढदिवसाच्या आसपास आणि पुढे, आणि तोही हळूहळू. हाकेला वळून पाहण्याचंही तसंच. वर्षाच्या बाळाने वारंवार हाकेला प्रतिसाद दिला नाही तर त्याला अर्थ असतो. सहाव्या-सातव्या महिन्यात तसा अर्थ काढता येत नाही.

२०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला अभ्यासही तुमच्या वाचनात आला असेल. त्यात बाळाची नजर कुठे जाते हे यंत्राने टिपलं होतं. पुढे ऑटिझम निघालेल्या बाळांचं समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणं दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान घसरत गेलं होतं. ते वाचून आई घाबरणारच. पण ती घसरण इतकी बारीक होती की ती पकडायला महिनोन्महिने यंत्राने मोजावं लागलं. घरच्या माणसाच्या साध्या नजरेला ती दिसत नाही. म्हणजे तुम्ही रोज जी परीक्षा घेताय, तिचा निकाल तुमच्या डोळ्यांना वाचताच येणार नाही. तो वाचता येत नाही म्हणून जीव आणखी कासावीस होतो, आणि तान्ह्या पोरीसोबतचा वेळ धास्तीत जातो. ही परीक्षा आजपासून बंद करा.

आता एमआरआय. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्येच अमेरिकेतला अभ्यास आला. ऑटिझम असलेल्या मुलांची १०६ धाकटी भावंडं आणि इतर ४२ बाळं त्यात होती. सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या वयाला, बाळ नैसर्गिक झोपेत असताना त्यांचे मेंदूचे एमआरआय काढले. पुढे ऑटिझम निघालेल्या मुलांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहा ते बारा महिन्यांत जास्त वेगाने वाढला होता, आणि दुसऱ्या वर्षात मेंदूचं आकारमानही जास्त वाढलं होतं. मेंदू कसा घडतो हे समजायला हे संशोधन फार मोलाचं आहे. पण त्या १०६ जणांत पुढे ऑटिझम निघालेली मुलं पंधराच होती. तेवढ्यावरून दवाखान्यात वापरायची तपासणी तयार होत नाही. एका बाळाचा एकदाच काढलेला एमआरआय बघून तिला पुढे ऑटिझम होईल की नाही हे आज कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, मुंबईतही नाही. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला स्थिर ठेवायला बहुधा गुंगीचं औषध देतात. झटके येणं, डोकं फार वेगाने वाढणं असं काही वेगळं कारण असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर एमआरआय जरूर काढावा. निव्वळ भीतीपोटी काढू नका.

मग बघायचं कधी? ठरलेल्या वयाला, आणि शक्यतो लसीच्या तारखांना जोडून, म्हणजे लक्षात राहतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. तेव्हा आरोग्य सेविकेकडे किंवा डॉक्टरांकडे बसून सांगा की मोठ्याला ऑटिझम आहे, हिच्या विकासाची नोंद करा. या वयाला बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढतं का, आपण हसलो की हसतं का, बुवा-कूक खेळताना वाट बघतं का, ते पाहायचं. वर्षाला हाकेकडे वळणं, टाटा करणं, हात वर करून ‘घे’ म्हणणं. दीड वर्षाच्या आत बोट दाखवायला हवं, आणि तेही दोन तऱ्हेने: हवं असलेलं मागायला, आणि ‘बघ ना, गाडी!’ असं आपल्याला दाखवायला. दुसरी तऱ्हा जास्त महत्त्वाची, कारण तीत बाळाला वस्तू नको असते, तुमची सोबत हवी असते. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी तपासणी व्हावी असं सांगते. तुमच्या मुलीसाठी या दोन तारखा पक्क्या समजा, आणि तिसऱ्या वाढदिवसालाही एकदा नीट तपासून घ्या. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड आहे ना, त्यात वयानुसार विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. ते कपाटात ठेवू नका, हाताशी ठेवा.

दोन गोष्टींसाठी मात्र तारखेची वाट बघू नका. एक, येत असलेलं काही गेलं तर. म्हणजे बाळ टाटा करायचं आणि बंद झालं, शब्द बोलायचं आणि बंद झालं. वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दुसरी गोष्ट, ऐकू येण्याबद्दल थोडीशी जरी शंका वाटली तर कानाची तपासणी लगेच करून घ्या. मोबाइलची रिंगटोन वाजली की बघतो म्हणजे त्याला ऐकू येतं, असं घरचे ठामपणे सांगतात. ते पुरेसं नाही. काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले काही येत नाहीत, असंही असतं. मोठ्याची तपासणी झाली नसेल तर त्याचीही करा.

आता अहिराणी. तुमच्या पत्रातली हीच ओळ मला सगळ्यात जास्त लागली.

दोन भाषा कानावर पडल्या तर ऑटिझम असलेलं मूल गोंधळतं आणि बोलणं आणखी लांबतं, हा समज फार पसरलेला आहे. शिकलेली, कळकळीने काम करणारी माणसंही तो सांगतात, तुमच्या मॅडमही चांगल्या हेतूनेच म्हणाल्या असतील. पण संशोधन त्याच्या बाजूने नाही. कॅनडात २०१२ मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांचे असे अभ्यास झाले: काही मुलांच्या घरी एकच भाषा, काहींच्या घरी दोन. दोन भाषांच्या घरातल्या मुलांचं बोलणं त्यामुळे अधिक मागे पडलेलं आढळलं नाही. त्यानंतरचे अभ्यासही त्याच दिशेने गेले आहेत.

आणि अभ्यास बाजूला ठेवून घराकडे बघा. सासूबाईंना अहिराणी बंद करायला सांगितली म्हणजे त्या मराठी बोलू लागल्या असं झालं का? त्या गप्प झाल्या. मुलाच्या दिवसातून एक माणूस वजा झालं. त्याच्याशी बोलायला, त्याच्यासाठी थांबायला, तेच गाणं विसाव्यांदा म्हणायला जिला कंटाळा येत नाही असं माणूस. तुम्ही दोघं शेतात, रस्त्यावर, रेल्वेत. घरी त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ आजीच असते. ‘आठे ये’, ‘तठे देख’, ‘माले दे’ ही साधी, छोटी, हातवाऱ्यासकट येणारी वाक्यंच त्याला हवी आहेत. परक्या भाषेत चाचरत बोलणारा मोठा माणूस कमी बोलतो, लाड कमी करतो, फक्त सूचना देतो. आपल्या बोलीत तो गातो, रागावतो, समजूत काढतो. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी त्यांना येत असतील तर म्हणू द्या. तेच गाणं, तीच चाल, तोच झोका, आणि मध्ये एका शब्दापाशी थांबायचं, की तो शब्द मुलगा स्वतः म्हणतो का, डोळ्यांनी तरी मागतो का. हे मुलाला बोलतं करायचं जुनं आणि चांगलं तंत्र आहे, आणि ते आजीला शिकवावं लागत नाही.

इथे एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते. थेरपीत मुलाच्या शब्दांची मोजणी होते तेव्हा सगळ्या भाषांतले शब्द मोजायला हवेत. ‘माले’ हाही शब्द आहे. घरी आजीकडे बघून ‘आठे’ म्हणणारा मुलगा मॅडमच्या खोलीत एकही मराठी शब्द बोलला नाही, तर कागदावर तो आहे त्यापेक्षा मागे दिसतो. सासूबाईंना शेजारी बसवून यादी करा: कोणता शब्द, कशासाठी, कोणापाशी. पुढच्या फेरीत ती मॅडमना द्या आणि सांगा, आम्ही अहिराणी चालू ठेवणार आहोत, खेळ कसे घ्यायचे ते शिकवा. चांगल्या थेरपिस्टला हे ऐकून आनंदच होईल. जमलं तर एका फेरीला सासूबाईंनाच सोबत न्या.

घरातल्या माणसांना शिकवून मुलं पुढे जातात, हे आपल्या भागाच्या जवळच्या संशोधनातूनही दिसलं आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी या दोन ठिकाणी ऑटिझम असलेल्या ६५ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला. मोठे तज्ज्ञ तिथे घरोघरी गेले नाहीत. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते जायचे, आई-बाबा मुलाशी खेळत असतानाचा व्हिडिओ काढायचे आणि तो त्यांच्यासोबत बसून बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो काहीतरी बोलला. काही महिन्यांत आई-बाबांचा प्रतिसाद बदलला आणि मुलं स्वतःहून जास्त पुढाकार घेऊ लागली. एका मोजमापात मात्र, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याच्या, सुधारणा दिसली नाही. तेव्हा ही जादू नव्हे. पण आठवड्याला एकदा जळगावात पाऊण तास आणि बाकीचे दिवस घरी नुसतं थांबणं, यापेक्षा हे कितीतरी चांगलं. तुमच्याही मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, रात्री निवांत बघा. कुठे तुम्ही घाई केली आणि कुठे त्याने तुमची वाट पाहिली, ते तुम्हालाच दिसेल.

धाकटीसाठीही हाच मार्ग आहे, आणि तिच्यासाठी निदानाची वाट बघायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्न इथे ९ ते १४ महिन्यांच्या, सुरुवातीची काही लक्षणं दिसणाऱ्या १०४ बाळांवर २०२१ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांच्या आई-बाबांना व्हिडिओ दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवलं. तीन वर्षांच्या वयाला त्या गटात ६.७ टक्के मुलांना ऑटिझमचं निदान लागू पडलं, दुसऱ्या गटात २०.५ टक्के. हा एकच अभ्यास आहे, आणि ज्यांना निदान लागू पडलं नाही त्यांच्यातही काहींना विकासात मदत लागत होतीच, म्हणून त्यावरून ‘ऑटिझम टळतो’ असं कोणी म्हणू नये. मी त्यातून एवढंच घेते की बाळाला मदत द्यायला नाव मिळेपर्यंत थांबावं लागत नाही, आणि त्या मदतीला महागडं काही लागत नाही. ती ज्याकडे बघतेय त्याच्याबद्दल बोला. तिने आवाज काढला की तोच आवाज तिला परत द्या आणि मग थांबा, तिची पाळी येऊ द्या. समोरासमोर बसा. दिवसातून थोडा वेळ, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या हातात किंवा समोर स्क्रीन नकोच. व्हिडिओ कॉलवर मामाशी बोलणं चालेल, बाकी नको. हाक मारा, जरूर मारा, पण काहीतरी द्यायला, दाखवायला, उचलून घ्यायला मारा. तपासायला नको.

लस थांबवू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, ठाम सांगते. लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका लेखातून पसरली. त्यात फक्त बारा मुलं होती. पुढे त्यातली माहितीच खोटी असल्याचं उघड झालं आणि २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली, तो अभ्यास २०१९ चा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक नव्हता. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा मुलांकडेही त्यात वेगळं पाहिलं, तिथेही नाही. अमेरिकेतही २०१५ मध्ये मोठी भावंडं असलेल्या सुमारे ९५ हजार मुलांवर हेच दिसलं. म्हणजे तुमच्या घरासारख्या घरांसाठीच हे उत्तर शोधलं गेलं आहे. गोवर मात्र खरा आहे, आणि तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

जाऊबाईंच्या बोलण्याबद्दल. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा आहे. पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या २०१९ मधल्या अभ्यासात तो सुमारे ८० टक्के निघाला. यात एक जनुक नसतं, शेकडो असतात, आईकडची, बाबांकडची आणि काही नव्यानेच बदललेली. आईच्या वागण्याने ऑटिझम होतो, हे १९४०-५० च्या दशकांत परदेशातले नामांकित डॉक्टरही सांगत. आई थंड आहे, माया करत नाही, म्हणून मूल असं झालं, असं त्यांचं म्हणणं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते पुराव्यानिशी खोडून काढलं. तोवर कितीतरी आयांनी तो दोष छातीवर वागवला होता. आपल्याकडे तो आजही वाटला जातो आणि जवळपास नेहमी सुनेच्याच वाट्याला येतो.

फवारणीबद्दल खरं ते सांगते. कॅलिफोर्नियातल्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात, गरोदरपणात आई राहत होती त्याच्या दोन किलोमीटरच्या आत काही ठरावीक कीटकनाशकं फवारली गेली असतील, तर ऑटिझमची शक्यता थोडीशी वाढलेली दिसली. शक्यता थोडी वाढणं वेगळं, आणि तुमच्या मुलाला त्यामुळेच झालं असं म्हणणं वेगळं. दुसरी गोष्ट कोणीच सिद्ध करू शकत नाही. जाऊबाईंनी सुद्धा नाही. पण गरोदर बाई आणि तान्हं बाळ फवारणीपासून लांब असावं, फवारून आलेल्या माणसाने अंघोळ करून, कपडे बदलून मगच बाळ घ्यावं, रिकामे डबे घरात धान्या-पाण्याला वापरू नयेत, हे मात्र सगळ्या घरांनी पाळावं. ती जबाबदारी फवारणाऱ्याची आहे. मजुरीला किंवा स्वतःच्या रानात जाणाऱ्या गरोदर बाईची नाही.

स्टेम सेलसाठी जमीन विकू नका. भारतात या उपचाराला ऑटिझमसाठी मान्यता नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग धरला जाईल. दीरांनी जाहिरात मायेपोटीच आणली असणार, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा: हे संशोधन असेल तर आमच्याकडून पैसे का घेता? खऱ्या चाचणीत मुलाच्या घरच्यांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्या दोन बिघ्यांच्या उत्पन्नातून मुलाची पुढची कितीतरी वर्षांची थेरपी, शाळा आणि येणं-जाणं निघेल.

सरकारी सोयींचं थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं, आणि ज्यांना गरज आहे त्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. अंगणवाडी ताईंना आत्ताच सांगून ठेवा की पथक आलं की दोन्ही मुलांना दाखवायचं आहे, आणि त्यांच्याकडूनच पाठवणीची चिठ्ठी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्र प्रकार म्हणून आहे, तेव्हा मोठ्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं ओळखपत्र काढून घ्या. ते मिळालं की ‘निरामय’ आरोग्य विम्याचा अर्ज करता येतो. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च, थेरपीसकट, धरला जातो. प्रमाणपत्र घेतलं तर मुलाला शिक्का बसेल असं घरात कोणी म्हणेल. शिक्का लोकांच्या बोलण्याने बसतो, कागदाने हक्क मिळतो.

आणि तुमचं एकच घर असं आहे असं समजू नका. आपल्या देशातल्या पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. ऐकू न येणं, आकडी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असं सगळं धरून दोन ते सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण एका ठिकाणी २.९ टक्के होतं, तर दुसऱ्या ठिकाणी १८.७ टक्के. तुमच्याच गावात, तुमच्याच अंगणवाडीत आणखी एखादी आई गप्प बसून असेल. जळगावची फेरी दोघींनी मिळून केली तर एकीला सगळ्यांच्या तिकिटाची रांग लावता येईल आणि दुसरीला पोरं सांभाळता येतील.

शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाताना दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं, मोठ्याचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, सासूबाईंसोबत केलेली शब्दांची ती यादी आणि घरी काढलेले दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा. नवीन जागेत मुलं बावरतात आणि घरी करतात त्यातलं निम्मंही करून दाखवत नाहीत, म्हणून व्हिडिओत त्याचं नेहमीचं रूप असू द्या: जेवताना, आजीच्या मांडीवर, हट्ट करताना. तुम्ही तिथे काय विचारणार आहात ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. पहिला प्रश्न हा लिहा: पुढच्या तीन महिन्यांत घरी आम्ही नेमकं काय करायचं?